दहा फेऱ्यांची शिवण

माझे पाय शाळेपेक्षा मशीनवर जास्त शिकले. चौथी झाली आणि आईने मला तिच्या शिलाई मशीनवर बसवलं. खरं सांगायचं तर मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. वर्गात गप्प बसावं लागायचं, मशीनवर निदान पाय तरी हलायचे. आप्पा मूळचे सोलापूरचे. लष्कराचे तंबू शिवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून ते मद्रासला आले, आणि आम्ही शहराच्या कडेला, कारखान्याच्या वसाहतीत, दोन खोल्यांत वाढलो. घरात सकाळी पहिला आवाज व्हायचा तो आईच्या मशीनचा. खट-खट-खट, मग जरा शांतता, दातांनी दोरा तोडल्याचा टक् आवाज, की परत खट-खट. त्यातच इडलीच्या भांड्याची वाफ आणि समोरच्या घरातला रेडिओ. इडली आम्ही शेजाऱ्यांसारखीच खायचो, पण वर शेंगांची चटणी आणि कच्चं तेल. शेजारच्या बायका नाक मुरडायच्या आणि दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन चटणी मागायला यायच्या. आप्पा कारखान्यातून आले की त्यांच्या अंगाला मेणाचा आणि जाड कापडाचा वास यायचा. ते फार बोलायचे नाहीत. दिवसभर ओठात सुई धरणाऱ्या माणसाला बोलायची सवय राहत नाही.

मशीन चालवायला आईने मला एकच गोष्ट शिकवली. पाय सुरू झाले की मध्येच आखडायचे नाहीत. चाक फिरत असताना पाय अडला तर चाक उलटं जातं, दोरा गुंततो, सुई मोडते. थांबायचं असेल तर पाय हळू करत आणायचे, आणि शिवणीचा काठ आला की उजव्या हाताचा तळवा चाकावर ठेवायचा. काठाच्या पुढे एक टाका गेला तर आईची मोजायची पट्टी माझ्या पाठीवर. वर्षभरात माझा तळवा न सांगता चाकावर जायला लागला. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी सोळा-सतरा वर्षांची असेन तेव्हा मुरुगेसन सार, म्हणजे आपले सर, आमच्या ओळीत घरोघरी विचारत आले. ते कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होते. तरुणपणी सायकलच्या शर्यती धावलेले, एक गुडघा न वाकणारा, आणि त्या गुडघ्याची गोष्ट दर वेळी वेगळी सांगणारे. कारखान्याकारखान्यांचे खेळ व्हायचे, त्यात त्या वर्षी पहिल्यांदाच मुलींची सायकल शर्यत ठेवली होती. आमच्या कारखान्याकडे शर्यतीची सायकल एक. पाठवायची मुलगी एक. "कोण येणार?" असं त्यांनी विचारलं तेव्हा आई ब्लाउजची बाही जोडत होती. मान वर न करता म्हणाली, "आमच्या यमूला सायकल येते. दळणाला जाते की."

"दळणाची सायकल वेगळी, अम्मा. ही वेगळी," सार म्हणाले.

वेगळी म्हणजे किती वेगळी ते संध्याकाळी परेडच्या मैदानावर कळलं. मैदानाभोवती डांबराचा गोल रस्ता होता, तोच आमचा ट्रॅक. सायकल काळी, हडकुळी. तिला ब्रेक नाही, घंटी नाही, मडगार्ड नाही, स्टँड नाही. मी म्हटलं, "सार, चोरांनी काही ठेवलंय का हिच्यावर?" सार हसले नाहीत. त्यांनी मागचं चाक उचलून फिरवलं, तर पायडलही त्याच्याबरोबर गरागरा फिरायला लागलं. चाक फिरतंय तोवर पाय फिरणार, आणि पाय थांबवायचे ठरवले तर चाक पायांना विचारणार नाही. अशी ती सायकल.

माझ्याशिवाय दुसरी एकच मुलगी आली होती, सेल्वी. कारखान्याच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याची मुलगी. माझ्यापेक्षा वीतभर उंच, बोलणं लाऊडस्पीकरसारखं. ती तमिळमध्ये बोलायची, मी इथे मराठीत लिहिते आहे, त्यामुळे तिचा निम्मा तिखटपणा गेला असं समजा. ती आधी बसली. झोकात निघाली, वळण आलं, सवयीप्रमाणे तिने पाय थांबवले, आणि सायकलने तिला गाढवासारखं उधळून दिलं. गवतात पडल्यापडल्या ओरडली, "सार, ह्या सायकलमध्ये भूत आहे!"

मग मी बसले. सारांनी धक्का दिला. पहिल्या दहा पावलांतच मला हसू फुटलं, कारण पायांखाली जे काय चाललं होतं ते माझ्या ओळखीचं होतं. हे मशीनच होतं! तीच खेच, तोच खालून येणारा रेटा. पाय फिरत होते आणि कोणीतरी खालून त्यांना हळूच पुढे ढकलत होतं. वळण आलं, माझे पाय थांबले नाहीत, त्यांना थांबणं माहीतच नव्हतं. मुलींना मा म्हणणारे सार ओरडत होते, "पाय थांबवू नको मा, पाय थांबवू नको!" आणि मी ओरडले, "कोण थांबवतंय!" चार फेऱ्या मारल्या. केस सुटले, ओढणी कुठेतरी गवतात गेली, तोंडात एक चिलट गेलं ते मी गिळलं. इतकी हसत होते की डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि चौथ्या फेरीला समोरचं धूसर दिसायला लागलं. त्याआधी मी कधी कशावर जीव टाकला होता असं मला आठवत नाही. त्या दिवसापासून मला ती सायकल हवी होती. दुसरं काही नको होतं.

सारांनी नियम सांगितला. महिनाभर दोघींनी एकाच सायकलवर सराव करायचा. मग एका रविवारी दहा फेऱ्या, आधी एक, मग दुसरी, हातात घड्याळ. जिची वेळ कमी तिला शर्यतीला पाठवणार, आणि सायकल वर्षभर तिच्या घरी राहणार.

तो महिना मला अजून पायांत आठवतो. सार पहाटे मैदानावर यायचे, लुंगी गुडघ्यावर बांधून, आणि आम्हाला शिकवायचे. सीटची उंची डोळ्यांनी ठरवायची नाही. टाच पायडलवर ठेवून पाय खाली न्यायचा, गुडघा सरळ व्हायला हवा. सेल्वी आणि मी उंचीला वेगळ्या, त्यामुळे दर वेळी सीट वर-खाली करायची, आणि दर वेळी भांडण. चेन फार ताणायची नाही, फार सैल ठेवायची नाही. हे तर मला मशीनच्या चामडी पट्ट्यावरून आधीच माहीत होतं. चेनला मी आईच्या तेलाच्या चोचीच्या डबीतून तेल सोडायचे. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "माझं मशीन कोरडं कुरकुरतंय आणि कारखान्याची सायकल तेल पितेय." सारांनी भिजवलेले हरभरे खायला सांगितले, तर आई म्हणाली, "हरभरे घोड्याला घालतात. माणसाला धपाटे घालतात." मी दोन्ही खाल्लं. सेल्वी माझे धपाटे खायची, मी तिच्या आईचा चिंचेचा भात. भूक लागायच्या आधी खायचं आणि तहान लागायच्या आधी मीठ घातलेलं ताक प्यायचं, ही सारांची शिकवण मी आजवर मोडलेली नाही. आता सायकल नाही, तरी मोडत नाही.

चड्डीचं मात्र सांगायलाच हवं. सलवार चेनमध्ये अडकते म्हणून आईने आप्पांच्या जुन्या खाकी पँटची मला गुडघ्यापर्यंत चड्डी शिवून दिली. आई कसलेली शिवणारी. तिने मधोमध अशी भरभक्कम दुहेरी शिवण घातली की तंबूसुद्धा लाजेल. त्या शिवणीवर मी वीस फेऱ्या मारल्या आणि दोन दिवस उभ्याने जेवले. आप्पांनी पहिल्या दिवशी पाहिलं, दुसऱ्या दिवशी पाहिलं, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बस की." मी म्हटलं, "बसता येत नाही." त्यावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग मीच ती चड्डी उसवली, मधली शिवण काढून तिथे शंकरपाळ्याच्या आकाराचा मऊ तुकडा लावला, शिवणी सगळ्या कडेला नेल्या. सेल्वीलाही तशीच एक शिवून दिली. प्रतिस्पर्धी असली म्हणून काय, तिनेही बसून जेवायला हवं.

हल्ली मी मुलाकडे असते, मद्रासमध्येच, वेलचेरीला. रविवारी सकाळी समुद्राकडच्या रस्त्याने जवळच्या कोवलमपर्यंत सायकली हाणणारी मुलं-मुली आमच्याकडे येतात, मी सायकलचे फाटके टायर शिवून देते हे त्यांना ठाऊक आहे. परवा एक मुलगी आली. मनगटावरचं घड्याळ तिच्या छातीचे ठोके मोजत होतं. तिने विचारलं, "पाटी," म्हणजे आजी, "माझे गुडघे दुखतात, मी कोणती नवी सायकल घेऊ?" मी म्हटलं, "सीट बोटभर वर कर आणि घरी जा." तिला ते पटलेलं दिसलं नाही. मोठं काहीतरी ऐकायला आली होती बिचारी.

परत मैदानावर येते. त्या सायकलचे टायरही वेगळे होते. साध्या टायरमध्ये ट्यूब नुसती ठेवलेली असते. ह्यात ट्यूब आत घालून टायर खालून शिवून टाकलेला असतो, नळीसारखा, आणि मग तो डिंकासारख्या चिकट वस्तूने चाकावर डकवायचा. मी शिवण पाहिली आणि बोट फिरवलं. बारीक, एकसारखे टाके. सार म्हणाले, "ह्याला जपा. जास्तीचा टायर नाही. हा फाटला तर संपलं, मद्रासमध्ये हे कोणी शिवत नाही."

त्या दहा फेऱ्यांच्या आदल्या संध्याकाळी मी उंबऱ्यावर बसून पायांना तेल चोळत होते. सेल्वी माझ्यापेक्षा जोरात सुटायची हे मला दिसत होतं. तिचे पाय लांब होते. आप्पा आतून आले, शेजारी बसले. मग म्हणाले, "मोठ्या तंबूची एक शिवण चाळीस हात असते. नवी माणसं सुरुवातीला मशीन पळवतात. पंधराव्या हातावर दोरा तुटतो."

"मग?"

"पहिला हात जसा शिवलास तसाच चाळिसावा शिवायचा. बघणाऱ्याला कंटाळा आला पाहिजे."

शर्यतीबद्दल ते माझ्याशी एवढंच बोलले. पुढे मी पुष्कळांची पुष्कळ शिकवण ऐकली, ह्याच्यापुढे कोणी गेलं नाही.

रविवारी सगळी वसाहत मैदानावर. कोणी उकडलेल्या हरभऱ्यांच्या सुंडलची पातेली घेऊन आलं, कोणी चटया टाकल्या. आई आली ती हातात अर्धवट शिवलेला ब्लाउज घेऊन, हूक लावत बसली. सेल्वी आधी सुटली. काय सुटली! पहिल्या दोन फेऱ्यांत तिने धूळ उठवली, पोरांनी शिट्ट्या मारल्या, तिचा बाप फाटक सोडून आला होता तो टोपी उडवत होता. सातव्या फेरीपासून तिचे खांदे हलायला लागले. पण संपवल्या तिने दहा. संपल्यावर थांबता येईना म्हणून आणखी तीन फेऱ्या फिरत राहिली आणि प्रत्येक वेळी आमच्यासमोरून जाताना ओरडायची, "वेळ किती? सार, वेळ किती?"

मग सीट खाली घेतली. मी बसले, पायडलवरचे पट्टे पायांवर आवळले, सारांनी धक्का दिला. मी आईच्या मशीनचा ताल मनात धरला आणि निघाले. पहिल्या फेरीला लोक हसले. "दळणाला निघाली का ग?" असं मराठीत ओरडणारी आमच्याच ओळीतली एक बाई होती, तिला मी नंतर बघून घेतलं. दुसरी फेरी, तिसरी फेरी, तोच ताल. चौथ्या-पाचव्या फेरीला लोक आपसात गप्पा मारायला लागले, एक बाई जांभई देताना मला स्पष्ट दिसली, आणि मला एकदम आनंद झाला, कारण आप्पांनी सांगितलं होतं तसंच चाललं होतं! सातव्या फेरीला सारांनी घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांचं तोंड उघडं राहिलं. आठव्याला ते न वाकणारा पाय ओढत कडेने धावायला लागले. "मा! मा! बरोबरीत आहेस!" लोक उठून उभे राहिले. नवव्याला गप्पा बंद. माझे पाय जळत होते पण ताल सुटला नव्हता, आणि दहाव्या फेरीला वळण घेताना सेल्वीचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू आला, "पुढे गेली ही! अय्यो, पुढे गेली!" माझ्या आतून असं काही उसळलं की मी धावतेय की उडतेय मला कळेना. समोर चुन्याची पांढरी रेघ दिसली.

आणि तिथे माझी अक्कल संपली. रेघ दिसली, म्हणजे शिवणीचा काठ दिसला. माझे पाय आपोआप हळू झाले. आणि उजव्या हाताचा तळवा, गेली इतकी वर्षं जे करत होता ते करायला, नीट खाली गेला आणि फिरत्या पुढच्या चाकावर टेकला.

तळव्याची साल गेली ते नंतर कळलं. चाक अडलं, सायकल शेपटीकडून उठली, मी हँडलवरून पुढे पोटावर पडले आणि घसरत गेले. हात रेघेच्या पार, डोकं रेघेच्या पार, कंबर रेघेच्या पार. पण सायकल अलीकडेच. माझा डावा पाय पट्ट्यात अडकलेला होता. मग सार घसा फोडून ओरडले, "चाक! चाक रेघेवर यायला हवं मा! माणसाचं मोजत नाहीत!" मी कोपरांवर पुढे सरपटले, पायाला बांधलेली सायकल कुत्र्यासारखी मागून खरडत आली, आणि चाक रेघेला लागलं. सारांनी घड्याळ दाबलं.

दोन सेकंदांनी हरले.

सगळं मैदान हसत होतं. चटईवर लोळत होते लोक. सुंडलवाल्याने पातेलं खाली ठेवलं, कारण त्याला उभं राहवेना. आई ब्लाउज टाकून धावत आली, मला पालथी-उताणी करून पाहिलं, हाड मोडलं नाही अशी खात्री झाली, आणि म्हणाली, "काठावर थांबलीस. बरोबर थांबलीस." मग तिला स्वतःलाच इतकं हसू आलं की ती तिथेच रस्त्यावर बसली. मीही हसत होते. हात जळत होता, सायकल गेली होती आणि मला हसू आवरत नव्हतं. नंतर रडले असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण मी रडले नाही. हरले ते हरले. काठावर तळवा मीच ठेवला होता.

हसू ओसरल्यावर सेल्वी आपली सायकल घ्यायला गेली आणि किंचाळली. पुढचा टायर घसरताना कडेने हातभर उसवला होता आणि आतली ट्यूब आतड्यासारखी बाहेर आली होती. सारांनी डोक्याला हात लावला. जास्तीचा टायर नाही. महिनाभरावर शर्यत.

आप्पा खाली बसले. त्यांनी उसवलेली शिवण बोटांनी उघडली, आत पाहिलं, टाका मोजला. "यमू," ते म्हणाले, "दाभण आणि मेणाचा दोरा."

सेल्वी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. ही मुलगी मूर्ख नव्हती. "काय डी," ती आपल्या 'काय गं'सारखं म्हणाली, "शिवशील?"

"शिवेन."

"परत फाटला तर?"

"परत शिवेन. फुकट नाही."

"काय हवं?"

"संध्याकाळ."

तिला कळलं. तिने सारांकडे पाहिलं, सार आकाशाकडे पाहायला लागले. "सकाळ माझी," सेल्वी म्हणाली, "शर्यत माझी. संध्याकाळ तुझी. आणि धपाटे."

त्या दुपारी आप्पांनी धरलं आणि मी शिवलं, डाव्या हाताने, कारण उजव्याला फडकं बांधलेलं होतं. ट्यूबला ठिगळ लावलं, आत सारली, आणि मेणाचा दोरा दोन्ही बाजूंनी ओढून दुहेरी टाका घातला. आम्हाला दुसरा टाका येतच नव्हता. वादळात तंबू उसवू नये म्हणून जो टाका घालतात तोच. चाकावर डकवून हवा भरली, तर शिवलेल्या जागी टायर आवळून बसला आणि त्याच्या शेजारी एक टेंगूळ आलं. सारांनी चाक फिरवून पाहिलं. "ह्यात पाण्याचा थेंब शिरणार नाही," ते म्हणाले. "पण हे गोल नाही." ही शिवण सैल आणि जुन्याच भोकांतून घालायची असते, हे मला पुष्कळ नंतर, पुष्कळ टायर बिघडवून समजलं. आता माझ्या हातचा टायर कोणी आणावा आणि टेंगूळ दाखवावं.

पण तो टायर टिकला. सेल्वी त्याच्यावर शर्यत धावली, चौथी आली, आणि परत येऊन मला म्हणाली की तुझ्या टेंगळाने माझ्या बुडाचे हाल केले, नाहीतर तिसरी आले असते. वर्षभर ती सायकल वसाहतीत फिरली, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ते टेंगूळ रस्त्यावर आपटायचं. धप, धप, धप. सेल्वी कोणत्या गल्लीत आहे ते सगळ्यांना घरात बसून कळायचं.

संध्याकाळी मी मशीनवर असायचे, कोणाच्या तरी ब्लाउजची बाही सुईखाली. लांबून धप, धप ऐकू यायचं, मग जवळून. आई मिठाच्या ताकाचा पेला उंबऱ्यावर ठेवायची. बाहेरून सेल्वी ओरडायची, "उतरले ग! सीट तूच खाली कर!" मी चाकावर तळवा ठेवायचे आणि उठायचे. शिवण अर्ध्यात असली तरी उठायचे.